'सगळं लोडेड आहे' म्हणून घेतलेला स्टुडिओ पीसी : यातलं ठेवायचं काय? (मंचावरचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

खर्जातला सा

मंडळी, नमस्कार. सांगलीत छोटा सेटअप आहे : एक व्हॉइस बूथ, एक मिक्सिंगची खोली. कामं भजनं, जिंगल आणि शॉर्ट फिल्मचं डबिंग. तीन महिन्यांपूर्वी बंद होणाऱ्या एका स्टुडिओचा पीसी सेकंडहँड घेतला. "सगळं लोडेड आहे, काही टाकायला लागणार नाही," असं विकणाऱ्याने सांगितलं. बिल फक्त हार्डवेअरचं.

आत हे आहे : क्युबेस ५ (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं मुख्य सॉफ्टवेअर), त्याला जोडायची प्लगिन म्हणजे वेव्ह्ज कंपनीचं जवळजवळ अख्खं दुकान, फॅबफिल्टर, ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारं), कॉन्टॅक्ट (वाद्यांचे आवाज वाजवणारं) आणि त्याच्या साधारण ४०० जीबी लायब्रऱ्या, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संच. आता एका जाहिरात एजन्सीच्या करारात "कामात वापरलेलं सर्व सॉफ्टवेअर परवानाधारक आहे" असं एक कलम आलंय. सही करायच्या आधी विचारतो.

यातलं अस्सल काय आणि क्रॅक (लायसन्सचं कुलूप तोडलेलं) काय, हे ओळखायचं कसं? त्याच पीसीवर वरून लायसन्स विकत घेतलं तर भागेल का? चालू ११ प्रोजेक्ट आहेत, ते कसे वाचवायचे? बजेट २५ हजार. आणि एक किरकोळ तक्रार : १२८ सॅम्पलच्या बफरला (आवाज प्रोसेस होताना साठतो त्या छोट्या कप्प्याला) सारखी खरखर येते, प्रोजेक्ट रिकामा असला तरी. संबंध असेल-नसेल, सांगून ठेवतो.

उलटी केबल

पीसी तुमचा झाला, आतलं सॉफ्टवेअर नाही. लायसन्स डिस्कवर नसतं. ते कुणाच्या तरी नावाने कंपनीच्या खात्यात असतं. विकणाऱ्याकडचं अस्सल असलं तरी त्याने रीतसर तुमच्या खात्यावर चढवून दिलं नसेल, तर तुमच्याकडे आली ती नुसती कॉपी. एज्युकेशनल किंवा 'विक्रीसाठी नाही' प्रकारची लायसन्सं तर बहुधा चढवताच येत नाहीत. त्यामुळे विकणाऱ्याला एकच प्रश्न : कोणत्या ई-मेलवर रजिस्टर आहे, आणि ट्रान्सफर करून देता का? "बघतो" असं उत्तर आलं की समजून जा.

क्युबेस ५ चा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. ही २००९ ची आवृत्ती. पूर्ण क्युबेस ५ ला यूएसबी-ईलायसेन्सर नावाची, लायसन्स साठवणारी काडी लागायचीच. पीसीचे मागचे-पुढचे सगळे पोर्ट बघा. काडी नाही आणि तरी क्युबेस उघडतंय, म्हणजे क्रॅक. काडी असलीच तर ईलायसेन्सर कंट्रोल सेंटर उघडा आणि तिच्यात लायसन्स दिसतंय का ते पाहा. पण तीही आता म्हातारीची काठी : क्युबेसची कंपनी स्टाईनबर्गने ईलायसेन्सरची सेवा २० मे २०२५ ला बंद केली. काडीतलं आधीचं लायसन्स चालतं, काडी मोडली किंवा हरवली तर ते परत मिळवायची सोय उरलेली नाही.

बाकीच्यासाठी चार ठिकाणी डोकवा.

पहिलं, हॉस्ट्स फाईल. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी. नोटपॅडमध्ये उघडा. प्लगिन कंपन्यांच्या साइटची नावं आणि त्यांच्या डावीकडे १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० अशा ओळी दिसल्या, तर कुणीतरी त्या साइटचा रस्ता मुद्दाम बुजवलाय.

दुसरं, विंडोज सिक्युरिटीतलं व्हायरस प्रोटेक्शन, त्याच्या सेटिंग्जच्या तळाशी एक्सक्लुजन्स. क्रॅकच्या सोबत येणाऱ्या टिपेत "आधी अँटिव्हायरस बंद करा" असतंच. मग प्लगिनचे फोल्डर, कधीकधी अख्खा सी ड्राइव्ह, तपासणीतून वगळलेला सापडतो.

तिसरं, विंडोजचं ॲक्टिव्हेशन. घरगुती पीसीवर "तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने सक्रिय" अशा अर्थाचा मजकूर असेल तर विंडोजही त्याच माळेतलं.

चौथं, आयलॉक लायसन्स मॅनेजर, वेव्ह्ज सेंट्रल आणि नेटिव्ह ॲक्सेस, म्हणजे प्लगिनची लायसन्सं सांभाळणारी ॲप्स. तुमच्या स्वतःच्या खात्याने लॉगिन करा. खातं रिकामं आणि प्लगिन मात्र धडाधड उघडतायत, म्हणजे लायसन्स तुमचं नाही, यापेक्षा वेगळा पुरावा नको.

वरून लायसन्स घेऊन भागेल का? नाही. हॉस्ट्स फाईलमध्ये रस्ता बुजवलेला असला की पैसे भरलेलं अस्सल प्लगिनही ॲक्टिव्हेट होत नाही, कारण सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. माणूस मग कंपनीच्या सपोर्टला ई-मेल पाठवत बसतो. क्रॅकने आयलॉकच्या किंवा वेव्ह्जच्या मूळ फाइल्स बदललेल्या असतात. त्यावर अस्सल इन्स्टॉलर चालवला की अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या फाइल्सची खिचडी होते आणि प्लगिन स्कॅन करताना क्युबेस झोपतं. अनइन्स्टॉल करूनही हे सगळं निघत नाही. फॉरमॅटच.

खरखरीबद्दल. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.६७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसरने ऑडिओचं काम संपवलं नाही की आवाज तुटतो. रिकाम्या प्रोजेक्टला तुटत असेल तर आधी ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर आणि वाय-फाय बघा. पण मागे चोरून काही चालू असण्याची शक्यताही धरा. २०१९ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने लाउडमायनर नावाची भानगड उघड केली होती. क्रॅक केलेल्या १३७ ऑडिओ सॉफ्टवेअरांमध्ये मोनेरो हे कूटचलन खणणारा मायनर दडवला होता. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, मॅकवर क्यूईएमयूमध्ये (दोन्ही संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारी सॉफ्टवेअरं) एक छोटं लिनक्स उभं करायचं आणि त्याच्या पोटात मायनर चालवायचा. गिऱ्हाईक ऑडिओवालेच का? यांचे प्रोसेसर दणकट असतात, आणि पंखा जोरात फिरला तरी 'रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट) जड असेल' म्हणून कुणी शंका घेत नाही. तुम्ही व्हर्च्युअलबॉक्स टाकलेलं नसताना टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेसमध्ये त्याचं नाव दिसलं, तर नेट तोडा आणि मगच पुढचं बोला.

पट्टी काळी चार

११ प्रोजेक्टचं काम फॉरमॅटच्या आधी आणि नेट बंद ठेवून करा. घाई इथेच नडते.

क्युबेस ५ मध्ये एक्सपोर्ट ऑडिओ मिक्सडाउनच्या खिडकीत चॅनल बॅच एक्सपोर्ट आहे, म्हणजे सगळे ट्रॅक एकदम पण वेगवेगळे काढायची सोय. लेफ्ट लोकेटर (एक्सपोर्ट कुठून सुरू ते ठरवणारी खूण) पहिल्या बारच्या सुरुवातीला, राइट लोकेटर शेवटच्या रिव्हर्बची शेपूट संपल्यावर आणखी दोन बार पुढे. सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू झाले पाहिजेत. नाहीतर नव्या सॉफ्टवेअरमध्ये ढोलकीची थाप एकीकडे आणि टाळ दुसरीकडे. २४ बिट वेव्ह (डब्ल्यूएव्ही) फाइल, प्रोजेक्टचा आहे तोच सॅम्पल रेट. ४४.१ चा प्रोजेक्ट उगाच ४८ ला नेऊ नका.

प्रत्येक गाण्याचे दोन संच काढा. एक इन्सर्टसकट (ट्रॅकवर लावलेल्या प्लगिनसकट), दुसरा सगळे इन्सर्ट बंद करून कोरडा. गायकाच्या ट्रॅकवर ऑटोट्यून असेल तर कोरडा संच सोन्यासारखा, कारण पुढे सूर दुसऱ्या प्लगिनने दुरुस्त करावा लागणार. मिडी ट्रॅक (कोणता सूर कधी वाजला याची नोंद, आवाज नव्हे) वेगळ्या मिडी फाइलमध्ये काढा. टेम्पो आणि ताल-बदल कागदावर लिहा. महत्त्वाच्या इक्वलायझर आणि कॉम्प्रेसरचे स्क्रीनशॉट घ्या : थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज. प्रीसेट फाइल दुसऱ्या कंपनीच्या प्लगिनला वाचता येत नाही, आकडे माणसाला वाचता येतात.

बाहेरच्या डिस्कवर जाईल ते एवढंच : वेव्ह, मिडी, प्रोजेक्ट फाइल, स्क्रीनशॉट. इन्स्टॉलर, झिप, प्लगिनचा फोल्डर यातलं एकही नाही. 'असू दे, लागलं तर' म्हणून कॉपी केलेल्या एका फोल्डरमुळे फॉरमॅटची मेहनत पाण्यात जाते.

क्युबेस ५ ची प्रोजेक्ट फाइल नव्या क्युबेसमध्ये बहुतेक वेळा उघडते, पण प्लगिनच्या जागा रिकाम्या दिसतील. क्युबेसने आवृत्ती ९ पासून ३२ बिट प्लगिन घेणंच बंद केलंय. म्हणून भरवसा वेव्हवर ठेवा, प्रोजेक्ट फाइल बोनस समजा.

खर्जातला सा

दोघांचेही आभार. हे सगळं करतो. पण या तीन महिन्यांत जी गाणी देऊन झाली त्यांचं काय? आणि कायदा नक्की काय म्हणतो? "लहान स्टुडिओला कोण विचारतं" असं इथे सगळे म्हणतात.

कलमकसाई

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद आणि किमान ५० हजार ते कमाल २ लाख रुपये दंड. कमाईसाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि दंड ५० हजारांपर्यंत ठेवू शकतं. ही सवलत तुम्हाला नाही, कारण तुम्ही बिल फाडता. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलं : हक्क मोडण्याच्या इराद्याने कॉपी-संरक्षण तोडणं हाच वेगळा गुन्हा, २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

'जाणूनबुजून' या शब्दावर जोर द्या. विकणाऱ्याच्या भरवशावर घेतलं इथपर्यंत एक बाजू आहे. या धाग्यात खात्री करून घेतल्यावर आणि एजन्सीच्या करारावर सही केल्यावर ती राहत नाही. सहीनंतर हा कॉपीराइटपुरता विषयही उरत नाही, करारातलं खोटं विधान होतं. भरपाई एजन्सीही मागणार, नुसती प्लगिन कंपनी नाही. लहान स्टुडिओला विचारणारा पोलिस नसतो, क्लायंटचा वकील असतो.

दिलेली गाणी : इक्वलायझर किंवा कॉम्प्रेसर वापरल्याने रेकॉर्डिंगचे हक्क त्या कंपनीकडे जात नाहीत. वापर बेकायदा होता, गाणं नाही. सॅम्पल लायब्रऱ्यांचं मात्र वेगळं. तिथे सतारीचा किंवा तबल्याचा रेकॉर्ड केलेला तुकडा खुद्द तुमच्या गाण्यात बसलेला असतो आणि तो वापरायचा हक्क लायसन्समधूनच मिळतो. ज्या गाण्यांत कॉन्टॅक्टचे आवाज आहेत त्यांची यादी करा. त्यातलं कुठलं जाहिरातीत जाणार असेल तर तो ट्रॅक अस्सल आवाजाने पुन्हा वाजवून घ्या. मिडी काढून ठेवायला वर सांगितलंय ते यासाठीही कामी येईल.

"फाइलमध्ये कुठे कळतं?" असं कुणी म्हणेल. वेव्हच्या आत मजकुराचे रकाने असतात. विंडोज एक्सपीसोबत आलेल्या काही वेव्ह फाइल्स नोटपॅडमध्ये उघडल्यावर शेवटी साउंड फोर्ज ४.५ (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) आणि 'डीपझोन' हे नाव दिसायचं. साउंड फोर्जचा क्रॅक काढणाऱ्या टोळीतल्या माणसाचं ते टोपणनाव. २००४ मध्ये याची जगभर बातमी झाली.

फुकट फौजदार

एवढं घाबरवू नका राव. निम्मी इंडस्ट्री क्रॅकवर शिकली. शिकताना २०-२५ हजार आणायचे कुठून?

उलटी केबल

शिकायला क्रॅक लागत नाही, हे आता २००९ साल नाही. रीपर हे क्युबेससारखंच सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण चालतं, एकही कप्पा बंद नाही. एफएल स्टुडिओचा ट्रायल मुदतीविना चालतो, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडता येत नाही. पण वेव्ह काढता येते. फॅबफिल्टर ३० दिवस देतं. आणि इथे प्रश्न शिकणाऱ्याचा नाही, करारावर सही करणाऱ्याचा आहे.

ड्राय वेट

२५ हजारांचा हिशेब मांडतो. डॉलर ८८ रुपये धरलाय, त्या दिवशीचा भाव बघून घ्या.

मुख्य सॉफ्टवेअर रीपर. सवलतीचं लायसन्स ६० डॉलर. वैयक्तिक वापर, किंवा धंद्याची वार्षिक उलाढाल २० हजार डॉलरच्या आत असेल तर हेच घ्यायचं. त्यापुढे २२५ डॉलर. ६० डॉलर म्हणजे ५,२८०. कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) साडेतीन टक्के धरला तर १८५, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३३. साडेपाच हजारांत काम झालं. आवृत्ती ७ ला घेतलेलं लायसन्स ८.९९ पर्यंत चालतं. क्युबेसचीच सवय असेल तर नवा ऑडिओ इंटरफेस घेताना सोबत क्युबेस एआय किंवा एलई ही छोटी आवृत्ती येते का ते बघा आणि पुढे त्यावरून अपग्रेड करा. सेकंडहँड इंटरफेसचा कोड बहुधा आधीच वापरलेला असतो, त्याच्या आशेवर भाव ठरवू नका. क्युबेस १२ पासून काडी गेली, खात्यावरून एका वेळी तीन संगणक ॲक्टिव्हेट करता येतात.

प्लगिनपैकी बरंच काही कायदेशीर फुकट आहे. इक्वलायझर टीडीआर नोव्हा, कॉम्प्रेसर टीडीआर कोटेलनिकोव्ह, स्पेक्ट्रम बघायला व्हॉक्सेंगो स्पॅन, लांब रिव्हर्बला व्हल्हाला सुपरमॅसिव्ह, सिंथला सर्ज एक्सटी आणि व्हायटल. सूर दुरुस्त करायला मेल्डाचं एमऑटोपिच किंवा ग्राइलॉनची मोफत आवृत्ती, आणि रीपरमध्ये रीट्यून असतंच. भजनातल्या मींडेवर ही स्वयंचलित दुरुस्ती जोरात लावली की मींड पायऱ्यापायऱ्यांची होते. दुरुस्तीचा वेग कमी ठेवा, नाहीतर तेवढी ओळ हाताने दुरुस्त करा.

उरले साडेएकोणीस हजार. इथे वेव्ह्जचे ३० प्लगिन घेण्यापेक्षा रोज हात जाईल असा एक इक्वलायझर आणि देशी वाद्यांची एक लायब्ररी. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची इंडिया नावाची लायब्ररी फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालते. ही खूण लक्षात ठेवा : जी लायब्ररी प्लेअरसाठी बनलेली नाही ती प्लेअरमध्ये १५ मिनिटंच वाजते आणि मग गप्प. विकत घेण्याआधी 'पूर्ण कॉन्टॅक्ट लागतं का' हे वाचा. यात लोक हमखास फसतात.

पैसे भरताना : नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करा. अनेक परदेशी विक्रेते शेवटच्या पानावर १८ टक्के जीएसटी चढवतात. १०० डॉलरची सेल ११८ ची होते, तुलना शेवटच्या आकड्याची करा. तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल तर नंबर टाकायची जागा शोधा. मग कर रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा आणि क्रेडिट घ्यायचं.

मासिक वर्गणीचा नाद शक्यतो नको. परदेशी विक्रेत्याचं ऑटोपेमेंट आपल्याकडे वरचेवर अडतं, १५ हजारांवर तर दर वेळी ओटीपी लागतो. वर्गणी चुकली की सेशनमधलं प्लगिन मुकं होतं. घ्यावीच लागली तर मिक्स संपताक्षणी तो ट्रॅक फ्रीज करा (प्लगिनच्या परिणामासकट आवाज पक्का करा) किंवा वेव्हमध्ये उतरवा. वेव्ह्जने मार्च २०२३ मध्ये सगळंच वर्गणीवर नेलं होतं, ओरड झाली आणि काही दिवसांतच कायमची लायसन्सं परत आणावी लागली.

लायसन्स ठेवायचं कुठे, हाही निर्णयच आहे. आयलॉकचं लायसन्स काडीत, संगणकावर किंवा क्लाउडवर राहतं, पण प्रत्येक प्लगिन तिन्हींना परवानगी देत नाही. क्लाउडला सेशनभर नेट लागतं. लोडशेडिंगमध्ये यूपीएसवर पीसी चालू राहतो, राउटर गेला की प्लगिन गेलं. संगणकावर ठेवलं तर मदरबोर्ड बदलण्याच्या किंवा फॉरमॅटच्या आधी डिॲक्टिव्हेट करा. विसरलात तर ते नसलेल्या पीसीवर अडकतं आणि कंपनीला लिहून सोडवावं लागतं. वेव्ह्जचं साध्या पेन ड्राइव्हवरही ठेवता येतं. तो पेन ड्राइव्ह गाणी द्यायला वापरू नका, एवढंच. फॅबफिल्टरचा मामला सरळ : तुमच्या नावाचा मजकुराचा एक ठोकळा ई-मेलने येतो, तो चिकटवायचा.

प्रत्येक खरेदीचं इन्व्हॉइस, सीरियल आणि रजिस्टर केलेला ई-मेल एका फोल्डरमध्ये. एजन्सीने पुरावा मागितला तर तोच फोल्डर पाठवायचा.

खर्जातला सा

हे भारी झालं. ४०० जीबी लायब्रऱ्यांपैकी ज्यांचं लायसन्स आता घेणार, त्यांच्या फाइल्स तरी ठेवू का? इथे नेट हळू आहे, पुन्हा उतरवायला दिवस जातील.

ड्राय वेट

नका ठेवू. क्रॅक लायब्ररीत फाइल्स बदललेल्या असतात, त्या लायसन्सशी जुळतीलच असं नाही. मग नेटिव्ह ॲक्सेस 'लायब्ररी सापडत नाही' म्हणत राहतं. रात्री डाउनलोड लावा, मध्येच तुटलं तर पुन्हा चालू करा.

खर्जातला सा

आज तपासलं. एक्सक्लुजन्समध्ये अख्खा सी ड्राइव्ह होता. हॉस्ट्स फाइलमध्ये खाली स्क्रोल करत जावं लागलं, एवढ्या ओळी. मागच्या पोर्टला एक काडी दिसली तेव्हा जरा आशा वाटली, ती माउसचा रिसीव्हर निघाली. ११ पैकी ४ प्रोजेक्ट काढून झालेत.